आंतरमहाविद्यालयीन कथास्पर्धा : ‘अप्रकाशित’ कथा नेमकी कोणती समजावी?

हुरडा :

नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या मराठी विभागाच्या फलकावर एका आंतरमहाविद्यालयीन कथालेखन स्पर्धेचे पत्रक लागले असून मला त्यात भाग घ्यायचा आहे. कथा स्वतंत्र व अप्रकाशित असावी, तिची मर्यादा २,५०० शब्दांची असावी, कथेच्या पानांवर स्पर्धकाचे नाव कोठेही नसावे, सोबत बोनाफाईड जोडावे आणि ३०० रुपये प्रवेशशुल्क भरावे, असे नियम आहेत. शेवटी बारीक अक्षरांत ‘आलेल्या सर्व साहित्याचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ असेही एक वाक्य आहे.

माझ्या कथेचे नाव ‘पेव’. दुष्काळाच्या वर्षी घरातले ज्वारीचे जुने पेव (धान्य साठवण्याचा जमिनीतला खोल खड्डा) उघडण्याचा प्रसंग आणि त्यावरून आजी व तिच्या दोन मुलांत झालेला वाद, एवढाच तिचा विषय आहे. अडचणी तीन आहेत. कथेचा साधारण अर्धा भाग मी गेल्या दिवाळीत फेसबुकवर टाकला होता. तेव्हा ती प्रकाशित झाली असे धरतात का? दुसरे, कथा ३,४०० शब्दांची झाली आहे आणि कोणता भाग काढावा हे मला सुचत नाही. तिसरे, संवाद आमच्याकडच्या बोलीत आहेत (‘आज्जे, काय करायलीस?’ अशा धर्तीचे), त्यामुळे शुद्धलेखनाचे गुण जातील असे मैत्रीण म्हणते. हक्कांच्या वाक्याचा अर्थही कोणी समजावून सांगितल्यास आभारी राहीन.

पागोळी :

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी स्वतः ठेच खाऊन शिकले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. पदवीच्या शेवटच्या वर्षी माझ्या कथेला एका स्पर्धेत पहिले पारितोषिक जाहीर झाले आणि आठवडाभराने ते रद्द झाल्याचे पत्र आले, कारण तीच कथा आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक नियतकालिकात आधी छापून आली होती. ‘नियतकालिक कुठे कोण वाचते’ अशी माझी समजूत होती. ते वाचणारा नेमका एक जण निघाला, आणि तो दुसरा स्पर्धक होता. चूक पूर्णपणे माझी होती.

फेसबुकच्या बाबतीत प्रत्येक आयोजक वेगळा विचार करतात. काहींना छापील प्रकाशनच तेवढे अभिप्रेत असते, तर काही जण समाजमाध्यमे व ब्लॉग यांचा स्पष्ट उल्लेख करतात. पत्रकात खुलासा नसेल तर किती भाग, कधी आणि कोठे टाकला होता हे सांगणारे दोन ओळींचे ईमेल आजच पाठवून लेखी उत्तर मागवा. फोनवर मिळालेला होकार निकालाच्या दिवशी कोणालाच आठवत नाही. आणि कृपया जुनी नोंद गुपचूप काढून टाकू नका. स्क्रीनशॉट कोणाकडेही असू शकतो आणि मग साधी शंका लबाडी ठरते.

वहिवाट :

मी वकिली करतो, म्हणून फक्त हक्कांच्या वाक्याविषयी लिहितो. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार कथा लिहिणारी व्यक्तीच तिच्या हक्काची पहिली मालक असते आणि त्यासाठी नोंदणी करणे बंधनकारक नाही. हा हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल तर कलम १९ नुसार तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. म्हणजे पत्रकातल्या एका ओळीने तुमची कथा कायमची हातची जाते असे समजण्याचे कारण नाही. मात्र प्रवेशिकेसोबत जे हमीपत्र सही करून द्यावे लागते, त्यात काय लिहिले आहे ते शब्द न् शब्द वाचा, कारण खरा व्यवहार तेथे होतो. हक्क दिल्यानंतरही कलम ५७ प्रमाणे लेखिका म्हणून आपले नाव सांगण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो.

पारितोषिकप्राप्त कथा एकदा छापण्याची परवानगी मागणे रास्त आहे. न निवडलेल्या कथांचेही सर्व हक्क मागणे मला पटत नाही. ‘विजेत्या कथांच्या एका प्रकाशनापुरती परवानगी’ असा बदल होईल का, हे त्याच ईमेलमध्ये विचारावे; विद्यार्थी विचारत नाहीत, म्हणूनही ही वाक्ये वर्षानुवर्षे तशीच राहतात.

जुना परीक्षक :

महाविद्यालयीन कथास्पर्धांचे परीक्षण मी बरीच वर्षे केले आहे. बोलीची भीती आधी काढून टाका. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांतच अशी सोय आहे, की कोणाच्या बोलण्यातील उच्चार दाखवताना ‘असं केलं, मी म्हटलं’ अशी रूपे अनुस्वारासह लिहावीत आणि अन्य प्रसंगी ‘असे केले, मी म्हटले’ अशी एकारान्त रूपे योजावीत. परीक्षकाला खटकते ती बोली नव्हे; निवेदनाच्या एकाच परिच्छेदात ‘केले’ आणि ‘केलं’ आलटूनपालटून आले, की लेखकाने पुन्हा वाचलेले नाही हे लगेच कळते.

आता शब्दमर्यादा. नऊशे शब्द काढायचे म्हणून प्रत्येक वाक्यातून एकेक विशेषण खुडत बसू नका. तशाने कथा लहान होत नाही, ती फक्त रोडावते. कथेची पहिली दोन पाने इथे द्याल का? बहुतेक वेळा काढण्याजोगा मजकूर तेथेच सापडतो.

हुरडा :

सर, सगळा मजकूर मोठा होईल, म्हणून सारांश देते. पहिल्या दीड पानात गाव, सलग दोन वर्षांचा दुष्काळ, घराचा इतिहास आणि पेव म्हणजे काय याची माहिती आहे. नंतर असे येते : ‘कंदील दोन पुरुष खाली गेला आणि विझला. दोर वर ओढत आज्जी म्हणाली, “आज न्हाय कुणी उतरायचं.” बंद पेवात कार्बन डाय-ऑक्साइड साठतो, हे मला अकरावीत शिकवले होते.’

जुना परीक्षक :

मग कथा कंदिलापासूनच सुरू करा. दीड पान एकदम गळेल आणि त्यातली जी माहिती खरोखर लागते, ती पुढे वादाच्या ओघात येईल; थोरला मुलगा ‘दोन वर्सं पीक न्हाय’ असे म्हणाला, की दुष्काळाचा परिच्छेद संपला. ‘दोन पुरुष’ (दोन माणसांच्या उंचीएवढी खोली) हे माप अजिबात बदलू नका, त्याचे फूट करू नका. कार्बन डाय-ऑक्साइडचे वाक्य मात्र काढा, ते विज्ञानाच्या वहीतले आहे.

पागोळी :

सरांविषयी आदर राखून या शेवटच्या मुद्द्यावर असहमती नोंदवते. आजीला जे कंदिलावरून कळते, त्याचे नाव नातीला पुस्तकात सापडते, आणि निवेदिका विज्ञानाची विद्यार्थिनी आहे, हे कथेत दुसरीकडे कोठेही आलेले नसावे. वाक्य राहू द्यावे, जागा तेवढी बदलावी.

जुना परीक्षक :

जागा बदलणार असाल तर माझी हरकत नाही. तिथे ते कंदिलाचा उजेड पुन्हा विझवते, एवढेच माझे म्हणणे होते. आणखी एक सांगून ठेवतो : ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम’ या नियमात पारितोषिक न देण्याचाही अधिकार येतो. २०२२ मध्ये पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत अंतिम फेरी होऊनही करंडक कोणत्याच संघाला दिला गेला नव्हता. ३०० रुपये भरताना हेही गृहीत धरावे.

हुरडा :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आयोजकांचे लेखी उत्तर आले : समाजमाध्यमावरील अंशतः मजकूर चालेल, परंतु प्रवेशिकेत तसा उल्लेख करावा. हक्कांच्या वाक्याबद्दल मात्र त्यांनी काहीच लिहिले नाही, म्हणून पुन्हा विचारले आहे. कथा आता कंदिलापासून सुरू होते आणि २,४६० शब्दांत बसली आहे. कार्बन डाय-ऑक्साइड तिसऱ्या पानावर गेला. दुसऱ्या दिवशी कंदील तेवत वर येतो, तेव्हा आता ते वाक्य येते. बोनाफाईड सोमवारी मिळेल.

वहिवाट :

उत्तर येईपर्यंत हमीपत्रावर सही करू नका. आणि पीडीएफ पाठवण्यापूर्वी फाइलचे नाव व तिच्या गुणधर्मांत आपोआप नोंदले गेलेले लेखकाचे नाव तपासा. पानांवरून नाव काढलेल्या कितीतरी कथांची ओळख तेथे उघडी पडते.