मदत हवी आहे : स्टॉप कोडॉन असूनही पूर्ण लांबीचे प्रथिन मिळते

पाषाणची विद्यार्थिनी
आमच्या जनुकाच्या मध्यावर स्टॉप कोडॉन (प्रथिनाची बांधणी थांबवणारी तीन अक्षरांची खूण) आल्याचे क्रमवाचनात स्पष्ट दिसते. तरीही वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने आकारानुसार दाखवणाऱ्या चाचणीत) २८ किलोडाल्टनच्या, म्हणजे अर्धवट प्रथिनाच्या, ठळक पट्टीच्या वर ४५ ची फिकट पट्टी, म्हणजे संपूर्ण प्रथिन, दर वेळी उमटते. ई. कोलाय जिवाणूच्या दुसऱ्या स्ट्रेनमध्ये (वाणात) ती नाहीशी होते. शुक्रवारी मार्गदर्शकांना उत्तर द्यायचे आहे; कृपया कारण सांगावे.

गणेशखिंड
कोडॉन कोणता, आणि स्ट्रेन कोणते?

कोथरूडकर
मूळ प्लाझ्मिडची (बदल न झालेले जनुक वाहणाऱ्या गोल डीएनएची) भेसळ असणार. आमचे दोन महिने तिच्यातच गेले. एकाच वसाहतीपासून पुन्हा वाढवावे.

पाषाणची विद्यार्थिनी
तसे तीनदा केले. मूळ सीएजीचा (ग्लुटामिन या अमिनो आम्लाच्या कोडॉनचा) यूएजी हा स्टॉप कोडॉन झाला आहे. वरची पट्टी डीएच५अल्फामध्ये येते, बीएल२१मध्ये येत नाही.

गणेशखिंड
मग भेसळ नव्हे. डीएच५अल्फामध्ये जीएलएनव्ही४४, म्हणजे जुन्या नावाने सपई४४, हे उत्परिवर्तन असते. त्यात ग्लुटामिनच्या टीआरएनएचा (अमिनो आम्ल आणून देणाऱ्या रेणूचा) अँटिकोडॉन, म्हणजे कोडॉनशी जुळणारी तीन अक्षरे, सीयूजीऐवजी सीयूए होतो आणि तो यूएजीशी जुळतो. त्याच टीआरएनएचे जीएलएनएक्स हे दुसरे जनुक शाबूत राहून सीएजी वाचत राहते, म्हणून पेशी तगते. यूएजीपाशी हा टीआरएनए आणि रिलीज फॅक्टर १ (स्टॉप कोडॉन ओळखून बांधणी थांबवणारे प्रथिन) यांची चढाओढ चालते आणि बहुतेक वेळा फॅक्टरच जिंकतो. तुमची वरची पट्टी फिकट आहे ती म्हणूनच.

कोथरूडकर
अँटिकोडॉन बदलल्याखेरीज स्टॉप कोडॉन वाचला जाऊच शकत नाही, म्हणून आधी त्या टीआरएनए जनुकाचे क्रमवाचन करावे.

मुळाकाठ
हे सरसकट खरे नाही. संशोधक हर्श यांनी १९७१ मध्ये दाखवलेल्या यूजीए सप्रेसरमध्ये (यूजीए हा स्टॉप कोडॉन वाचणाऱ्या बदललेल्या टीआरएनएमध्ये) ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या टीआरएनएचा अँटिकोडॉन सीसीए तसाच होता. बदल डी-भुजेतील (टीआरएनएच्या दुसऱ्या एका भागातील) एका जीच्या जागी ए येण्याचा होता.

औंधकर
रुग्णांमधील स्टॉप कोडॉन आणणाऱ्या उत्परिवर्तनांवर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे प्रयोग झाले आहेत. त्याने रायबोसोमची (प्रथिन बांधणाऱ्या यंत्रणेची) वाचनातील अचूकता ढळते.

गणेशखिंड
ते वेगळे प्रकरण आहे. पाषाणताई, यूएजीचा यूएए हा दुसरा स्टॉप कोडॉन करून डीएच५अल्फामध्येच घाला. सीयूए अँटिकोडॉनमधील पहिला सी केवळ जीशीच जुळत असल्याने यूएए वाचला जाणार नाही, आणि वरची पट्टी गेली पाहिजे.

पाषाणची विद्यार्थिनी
हा बदल करण्यासाठी प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) आजच मागवते. मूळ कोडॉन ग्लुटामिनचाच होता, म्हणजे वरच्या पट्टीतील प्रथिन हुबेहूब मूळ प्रथिनच असणार! डीएच५अल्फाच्या अर्कात एन्झाइमची क्रिया थोडीशी का दिसत होती, हे आज उलगडले.