मदत हवी आहे: प्लेस्टेशन ४ (पीएस ४) वर सायबरपंक गेम घ्यावा का?

मंडळी, सल्ला हवाय. विचर ३ गेमनंतर तो बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीवर डोळे झाकून विश्वास होता. मग डिसेंबर २०२० मध्ये त्यांचा सायबरपंक २०७७ आला आणि पीएस ४ सारख्या जुन्या कन्सोलवर नुसता बोजवारा: धूसर चेहरे, मध्येच क्रॅश. सोनीने आठेक दिवसांत तो प्लेस्टेशन स्टोअरवरून काढला, तो परतला थेट जून २०२१ मध्ये.

आता जो तो म्हणतो, गेम सुधारला. पण २.० अपडेट आणि फँटम लिबर्टी हा गेमचा वाढीव भाग पीएस ४ ला मिळालेच नाहीत! मग हे कौतुक आमच्या काय कामाचं?

१.६ पॅचनंतर (म्हणजे त्या सुधारणा-अपडेटनंतर) साध्या पीएस ४ वर कोणी खेळलंय का? भरधाव गाडी चालवताना गेम अडकतो का? सेकंडहँड डिस्क स्वस्तात मिळतेय, म्हणून मोह होतोय. की पीएस ५ घेईपर्यंत थांबू? यूट्यूबच्या लिंका नकोत, स्वतः खेळलेल्यांनीच सांगा.