स्टिक सोडली तरी कॅमेरा सरकायलाय, डेडझोन किती ठेवावा?

गोदाकाठ, परभणी
नमस्कार. लॅपटॉपवर कंट्रोलरनं कॉल ऑफ ड्यूटी अन् फोर्झा होरायझन ५ खेळतो. उजव्या स्टिकवरून (अंगठ्यानं फिरवायची दांडी) बोट काढलं तरी कॅमेरा हळूहळू डावीकडं जायलाय. स्टीममधी (गेम चालवायचं सॉफ्टवेअर) डेडझोन, म्हणजे स्टिकची मधली हालचाल जिथं मोजलीच जात नाही तो भाग, वाढवला, सरकणं थांबलं. पण आता नेम धरताना स्टिक आधी काहीच ऐकत नाही, मग कॅमेरा एकदम उडी मारतो. गेममधी डेडझोन वेगळाच, वरून रिस्पॉन्स कर्व्ह (स्टिक किती ढकलली की किती वेग, ते ठरवणारा). नव्या कंट्रोलरचं घरी बोलायची सध्या सोय नाही. कुठून धरावं?

रिपेरिंगवाला, लातूर
भावा, आधी मोज, मग आकडा लाव. ब्राउझरमधी गेमपॅड टेस्टरचं पान उघड, तिथं स्टिकचा प्रत्येक अक्ष (आडवा अन् उभा) −१ ते १ मधी दिसतो. स्टिक चारी बाजूंना ताणून सोड अन् थांबल्यावरचा आकडा बघ. सगळ्यात मोठा जो येईल त्याच्यापेक्षा किंचित जास्त, एवढाच डेडझोन.

तुझी उडी बहुतेक दोनदा कापल्यामुळं आहे. स्टीमनं १५ टक्के कापले, उरलेल्यातले १५ गेमनं, की जवळपास २८ टक्के हालचाल वाया जाते. डेडझोन एकाच ठिकाणी ठेव, दुसरीकडं शून्य. मायक्रोसॉफ्टनं एक्सइनपुटमधी (विंडोजची कंट्रोलर वाचायची सोय) सुचवलेला आकडाच उजव्या स्टिकला ३२७६७ पैकी ८६८९ आहे, म्हणजे पाव भागाच्या वर. चांगल्या स्टिकला एवढा लागतच नाही. डेडझोनचा आकार निवडता आला तर गोल घे. अक्षांवर वेगळा कापणारा घेतलास तर तिरका बारीक नेम आडव्या-उभ्या रेषेला चिकटतो, लई त्रास होतो.

कर्व्हला शेवटी हात लाव. लिनियरमधी अर्धी स्टिक म्हणजे अर्धा वेग. वर्गाचा कर्व्ह असेल तर अर्ध्या स्टिकला पाव वेगच मिळतो, मधी बारीक हात चालतो, कडेला गाडी सुटते. डेडझोन नीट बसायच्या आधी कर्व्ह बदलला की दोष कुणाचा तेच कळत नाही.

फोर्झात स्टिअरिंग डाव्या स्टिकवर. ती नीट असेल तर आतला (मधल्या जागेचा) डेडझोन शून्यावर आण, गाडी सरळ रस्त्यावर लगेच ऐकायला लागते.

सोल्डर, नांदेड
सरकणं दर महिन्याला वाढत असेल तर सेटिंगनं भागायचं नाही. आतल्या पोटेन्शियोमीटरची (स्टिक कुठं आहे ते मोजणारा भाग) कार्बनची पट्टी घासली जाते. नुसती धूळ असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं फरक पडतो, अन् आपल्याकडच्या मे महिन्यातली धूळ तर माहीतच आहे. पट्टीच गेली असेल तर हॉल इफेक्टचं मॉड्यूल. त्यात चुंबक असतो, घासणं नाही. पण एका स्टिकला सोल्डरचे १४ टाके सोडवावे लागतात अन् नंतर कॅलिब्रेशनही (मधला अन् कडेचा आकडा जुळवणं) लागतं. हात बसलेल्याकडूनच करून घ्या.

गोदाकाठ, परभणी
पान उघडलं. उजवी −०.०७ वर थांबते, डावी ०.०१. स्टीमचा डेडझोन शून्य केला, गेममधी उजवीला ९ टक्के. उडी गेली! पण उजवी कडेपर्यंत पूर्ण ढकलली तरी ०.९५ च्या पुढं जात नाही. चालंल का?

रिपेरिंगवाला, लातूर
तसंच ठेवलंस तर पूर्ण वेगानं वळणं कधीच मिळायचं नाही. कॉल ऑफ ड्यूटीत प्रत्येक स्टिकला किमान (मधला डेडझोन) अन् कमाल (जिथं पूर्ण ढकलली असं धरतात) असे दोन आकडे आहेत. उजवीचा कमाल ९३ कर, किमान ९ राहू दे. मग गेममधला डायनॅमिक नावाचा कर्व्ह लावून सरावाच्या मॅचमधी खेळ, अन् नेम डळमळला तर लिनियर.