मदत हवी आहे : जुन्या टेप संगणकावर घेताना मागे उलटा आवाज ऐकू येतो

नंदगडकर : नमस्कार. माझ्या आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या आणि आमच्या भजनी मंडळाचे काकड्याचे अभंग वडिलांनी टेपवर ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. ते संगणकावर घेण्यासाठी घरच्या छोट्या स्टुडिओत सर्व जुळणी केली आहे. परंतु आजीचा आवाज सुरू झाला की मागे कोणीतरी उलटे बोलत असल्यासारखे सतत ऐकू येते, शिवाय एक जाड गुणगुण शेवटपर्यंत राहते. आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला पाऊस सर्वांना ठाऊक आहे. दमट हवेत टेपला बुरशी धरण्याआधी हे काम संपवायचे आहे. हे दोन्ही आवाज काढणारे सॉफ्टवेअर कोणते, एवढेच कृपया लवकर सांगावे.

शहापूरकर : टेप म्हणजे कॅसेट की स्पूल (उघड्या चाकावर गुंडाळलेली टेप)? मूळ ध्वनिमुद्रण ज्या यंत्रावर झाले तेच यंत्र वापरता की दुसरे? संगणकाशी जोडणी कुठून केली आहे? हे कळल्याशिवाय सॉफ्टवेअरचे नाव सांगण्यात अर्थ नाही.

चिकोडीचा श्रोता : जुन्या टेपवरचा थर चिकट होतो, तेच सर्व दोषांचे मूळ असते. सुमारे 54 अंश सेल्सिअसला 8 तास टेप भाजून घ्या. माझ्या टेप याच उपायाने वाचल्या.

घटप्रभा : श्रोतेसाहेब, हा सल्ला सरसकट देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. भाजण्याचा उपाय 1970 ते 1990 च्या दरम्यानच्या, चुंबकीय थर पॉलियुरेथेन या चिकटद्रव्याने बसवलेल्या काही टेपपुरताच आहे. त्याआधीची टेप ॲसिटेट या प्लास्टिकची असू शकते आणि ती उष्णतेने कायमची बिघडते. स्पूल उजेडासमोर धरल्यावर आरपार उजेड दिसला किंवा टेपला व्हिनेगरसारखा वास आला, तर ती ॲसिटेटची समजावी. शिवाय टेप चिकटते, असे प्रश्नकर्त्यांनी कुठेही म्हटलेले नाही.

निपाणीकर : फायली एमपी3 न करता 24 बिट, 96 किलोहर्ट्झच्या वेव्ह (WAV) या न दाबलेल्या स्वरूपात ठेवा. एक प्रत घरी आणि एक दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे असावी.

नंदगडकर : निपाणीकर, साठवणीचे नंतर पाहता येईल. 1968 च्या सुमाराच्या टेप आहेत, म्हणजे स्पूलच. वडिलांचे मोनो (एका वाहिनीचे) यंत्र बंद पडल्याने जुन्या बाजारातून स्टिरिओ (डावी-उजवी अशा दोन वाहिन्यांचा) डेक, म्हणजे टेप वाजवणारे यंत्र, आणला. त्याच्या हेडफोनच्या सॉकेटमधून वायर लॅपटॉपच्या माइकमध्ये दिली आहे.

शहापूरकर : आता उलगडा झाला. मोनो यंत्र टेपच्या वरच्या अर्ध्या पट्टीवर एक बाजू आणि खालच्या अर्ध्या पट्टीवर, उलट दिशेने, दुसरी बाजू नोंदवते. आपल्या स्टिरिओ डेकचे हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) टेपच्या चार पट्ट्यांपैकी पहिली आणि तिसरी एकाच वेळी वाचते. म्हणून डाव्या वाहिनीवर आजींच्या ओव्या आणि उजवीवर दुसरी बाजू उलटी वाजते. हा बिघाड नाही, त्यामुळे आवाज शुद्ध करणाऱ्या सॉफ्टवेअरने तो जाणार नाही. लॅपटॉपचा माइक बहुधा मोनो असतो आणि दोन्ही वाहिन्या तिथेच मिसळतात. साधा दोन वाहिन्यांचा ऑडिओ इंटरफेस (आवाज संगणकात घेणारी छोटी पेटी) घेऊन डेकच्या लाइन-आउटमधून त्याच्या लाइन-इनमध्ये जोडणी करा. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वाहिन्या वेगळ्या होतात. उजवी ‘रिव्हर्स’ केली की दुसरी बाजू सरळ ऐकू येईल.

घटप्रभा : ऐकून पाहण्यापुरते ठीक, जतन करण्याची प्रत मात्र प्रत्येक बाजू स्वतंत्र वाजवूनच घ्यावी, कारण हेडचा टेपशी असलेला कोन एका बाजूला जुळला तरी दुसऱ्या बाजूला जुळेलच असे नाही.

चिकोडीचा श्रोता : गुणगुणीसाठी डेकच्या प्लगमधली अर्थिंगची पिन काढून टाका.

शहापूरकर : नंदगडकर, असे मुळीच करू नका, त्यात जिवाला धोका आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा आणि सर्व यंत्रे एकाच बोर्डवर लावा. विजेच्या पुरवठ्यामुळे येणारी 50 हर्ट्झची गुणगुण बहुधा त्यानेच जाते.

नंदगडकर : इंटरफेस मिळाला. डावी वाहिनी वेगळी करताच आजीचा एकेक शब्द उमटला, आणि उजवी उलटी केल्यावर काकडा निघाला. चार्जर काढताच गुणगुण जवळजवळ गेली. सर्वांचे मनापासून आभार. आवाज मात्र थोडा दबलेला आहे. हेडचा कोन कसा जुळवावा?

घटप्रभा : आधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडे होऊ द्या. मग हेडच्या कोनाच्या स्क्रूची मूळ जागा रंगाने खूण करून ठेवा आणि टेप चालू असताना चुंबकत्व नसलेल्या पेचकसाने तो अगदी किंचित फिरवत, टाळांचा आवाज सर्वांत लखलखीत होईल तिथे थांबा.