मदत हवी आहे : टॉवेलच्या कडा पत्र्याला कशा चिकटवायच्या?

नमस्कार मंडळी. सहरावी (म्हणजे पश्चिम सहारातले) कलाकार मोहम्मद सुलेमान लबात यांचं काम मला शाळेतल्या मुलांना दाखवायचंय. अल्जीरियात तिंदूफजवळ १९७५ला सुरू झालेल्या पश्चिम सहाराच्या युद्धामुळे ज्या निर्वासित छावण्या उभ्या राहिल्या, तिथेच ते लहानाचे मोठे झाले. स्मारा छावणीतला त्यांचा स्टुडिओसुद्धा टाकाऊ सामानातून बांधलेला आहे! वाळवंटात नवं सामान सहज मिळत नाही, मग फेकलेल्या वस्तूकडेही नीट बघायची सवय लागत असणार, असं मला वाटतं.

आमची मुलं यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली. त्यांना मी टॉवेलच्या कापलेल्या कडा आणि तेलाचे रिकामे डबे देणार आहे. काय देखण्या असतात त्या कडा, एका बाजूने घट्ट विणलेल्या, दुसरीकडे सुटे दोरे लोंबणारे.

अडचण अशी की पांढऱ्या डिंकाने कापड पत्र्यावर टिकत नाही, वाळलं की सुटून येतं. मुलांच्या हाताला चालेल असं दुसरं काय वापरू? कापलेल्या पत्र्याची धार बोथट कशी करायची? आणि सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुणाच्या ओळखीने पोतंभर चिंधी मिळेल का? न्यायला मी स्वतः येईन.