शमनाचे सर्व जीवांशी नाते

प्रश्न (फोंडा): ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या २००४ सालच्या संगणकीय खेळातील शमन (निसर्गतत्त्वांशी संवाद साधणारे पात्र) पृथ्वी, अग्नी, वायू आणि जल यांना हुकूम न देता त्यांची मदत मागतो; मग सर्व सजीवांशी त्याचे आत्मिक नाते नेमके कशातून जुळते?

उत्तर (काणकोण): या चारांपलीकडे तेथे प्राणतत्त्व मानले आहे, जे सर्वांना एकमेकांशी जोडते, तेथील भिक्षू त्यालाच ‘ची’ म्हणतात.

उत्तर (वाळपई): तत्त्वांना बळजबरीने गुलाम करणारे काळे शमनही त्या कथेत आहेत आणि मला हाच भेद सर्वांत मोलाचा वाटतो. आमच्या गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या देवराईत फांदी तोडायलाही लोक धजत नाहीत, सातेरीची पूजा वारुळाच्या रूपात होते. हे पाहत वाढलेल्याला शमनाची ती विनवणी चटकन उमगते. मात्र सातेरी ही आपली देवी आहे, खेळातले तत्त्व नव्हे, एवढे भान तुलना करताना असावे.