३२ जीबी रॅमपैकी पोस्टग्रेसला किती द्यावी?

हडपसरकर: मार्केट यार्डातल्या एका आडत्याच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस, लिनक्स, ३२ जीबी रॅम, मशीनवर दुसरं काही नाही. शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेसची स्वतःची कॅश) मूळचेच, १२८ एमबी. 'फ्री' कमांड दिली की मोकळी रॅम ६०० एमबी दिसते, बाकी सगळी 'बफ/कॅश'मध्ये. मालक म्हणतात, पैसे मी मोजले आणि रॅम लिनक्स खातंय. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस सांभाळणारा मित्र म्हणतो, ८० टक्के देऊन टाक. देऊ?

सदाशिवपेठी: नका देऊ. मित्राचा सल्ला त्याच्या घरी बरोबर आहे. मायएसक्यूएलच्या इनोडीबीला (डेटा साठवणारं इंजिन) 'ओ-डायरेक्ट' ही सेटिंग लावली की ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशला वळसा घालते, मग सगळी मदार बफर पूलवर, म्हणजे तिच्या स्वतःच्या कॅशवर. पोस्टग्रेस मात्र सहसा लिनक्सच्या पेज कॅशमधूनच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या त्या कॅशमधूनच वाचतं. त्यामुळे तेच ८ केबीचं पान (डेटाचा तुकडा) शेअर्ड बफर्स आणि पेज कॅश दोन्हीकडे पडून राहू शकतं. शेअर्ड बफर्सना ८ जीबीपासून सुरुवात करा. पोस्टग्रेसच्या अधिकृत माहितीतही २५ टक्के सांगितलेत, आणि ४०च्या वर फायद्याची शक्यता कमी, असंही. रीस्टार्ट लागेल, तेव्हा सकाळचा लिलाव उरकू द्या. आडत्याचं बिल अडलं तर तुमचं काही खरं नाही!

मालकांना 'फ्री' नव्हे, 'अव्हेलेबल'चा रकाना दाखवा. कॅशमधली बरीचशी रॅम कुणी मागितली की लिनक्स सोडून देतं.

हडपसरकर: 'इफेक्टिव्ह कॅश साइझ' ही दुसरी सेटिंगही ८ जीबीच?

सदाशिवपेठी: ते २४ करा. त्याने एक बाइटही अडकत नाही, प्लॅनरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) फक्त अंदाज मिळतो.

वारजे_डीबीए: एक्सप्लेन अनॅलाइझला (क्वेरी कशी चालली ते दाखवणारी कमांड) 'बफर्स' जोडून बघा. तिथला 'रीड' म्हणजे डिस्कच असं नाही. शेअर्ड बफर्समध्ये पान सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. लिनक्सच्या कॅशमधून आलेलंही त्यातच मोजतात. 'ट्रॅक आयओ टायमिंग' (वाचायला लागलेला वेळ मोजणारी सेटिंग) चालू करा. हजारो रीड आणि वेळ काही मिलिसेकंद, तर डिस्कला बहुधा हातही लागलेला नाही.

हडपसरकर: आणि वर्षअखेरीचा खतावणीचा अहवाल काढला की बाकीची पानं हाकलली जातील ना?

सदाशिवपेठी: शेअर्ड बफर्समधून नाही. टेबल त्यांच्या चौथ्या हिश्शाहून मोठं असेल, तर अख्खं वाचताना पोस्टग्रेस त्यातली छोटीशीच जागा फिरवून वापरतं. डेटाबेस केवढा आहे?

हडपसरकर: ११ जीबी. मालकांनी ६४ जीबी रॅमचं कोटेशन मागवलंय.

सदाशिवपेठी: ११ जीबी?! अहो, मग अख्खा डेटाबेस आत्ताच कॅशमध्ये मावतोय. उरलेल्या जागेत बहुधा तुमच्या बॅकअपच्या फाइली बसल्यात. कोटेशन आजच थांबवा.